पाटीवरची तीनांची रांग

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

अवजारं बोलायची त्या काळी भिवा सुतार एक पाळणा करत होता. बारसं दुसऱ्याच दिवशी होतं आणि सागवानी फळी एकच होती. तिचे तीन सारखे तुकडे हवे होते. हाताहातावर गाठी मारलेल्या दोरीने फळी मोजली आणि सांगितलं, "सात हात." पाटीने लगेच भागाकार केला. "एकेक तुकडा दोन पॉइंट तीन तीन तीन तीन तीन हात."

भिवा खूश झाला. करवतीला मात्र संशय आला.

"पाटीताई, एवढे तीन कुठून आणलेस?"

"भागाकारातून, मावशी. केसाइतकीही चूक नाही."

"दोरीने तर नुसते सात हात सांगितले होते." करवत दोरीकडे वळली. "खरं सांग गं, सातवी गाठ फळीच्या टोकाला लागली होती?"

दोरी आक्रसली. "जवळपास. फळी चार बोटं पुढे उरली होती. पण माझ्याकडे मधली गाठच नाही."

"म्हणजे हिला बोटांचा पत्ता नाही आणि तुला केस दिसतात," करवत पाटीला म्हणाली. "भिवा, मी नाही चालणार."

भिवाने पाटी पालथी ठेवली. दोरी फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली, तेवढ्याचीच तिहेरी घडी घातली आणि तिथे खूण केली. बारशाला पाळणा सरळ झुलला.

ही गोष्ट लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या वर्कशॉपातल्या फळ्यावरचे माझे लांबलचक आकडे पुसले, आणि टेप घेऊन गिऱ्हाइकाची चौकट पुन्हा मोजायला गेलो.