बारकू सशाने केलेला हल्ला

आटपाट जंगल होतं. तिथे कायद्याचं राज्य होतं, म्हणजे राज्य लांडग्यांचं आणि कायदा इतरांना.

एके दिवशी भरदुपारी पाणवठ्यावर पाच लांडग्यांनी मिळून बारकू सशाला ठार मारलं. सरकारी गोदामातलं गवत गेलं कुठे, एवढंच त्याने आदल्या दिवशी सभेत विचारलं होतं. त्याची बहीण ठकूबाई झुडपातून सगळं पाहत होती. तिने चौकीवर पाचही नावं सांगितली. फौजदार रानडुकराने लिहून घेतलं, 'अज्ञात जमाव'.

पण ठकूबाई चिवट. ती रोज चौकीच्या दारात जाऊन बसायची. शेवटी कंटाळून त्यांनी खटला उभा केला.

न्यायाधीश अस्वल होते. लांडग्यांचे वकील मुंगूसराव उठले.

"साहेब, माझे अशील तिथे नव्हतेच. आणि असलेच, तर जीव वाचवत होते."

"कोणाचा?"

"स्वतःचा! माझे अशील रणधीरराव, त्यांचा हा दात बघा, तुटलाय. कशावर? मयताच्या बरगडीवर. मग हल्ला कोणी केला?"

प्रेक्षकांत बसलेल्या लांडग्यांनी टाळ्या वाजवल्या. "निर्भय लांडगा, सुरक्षित जंगल!" अशी घोषणाही झाली. न्यायाधीशांनी ती पुरावा म्हणून दाखल करून घेतली.

"अवो साहेब, पाच जण व्हते ते!" ठकूबाई ओरडली. "माझा भाऊ येवढासा जीव!"

"बाई, तुम्हा सशांना सगळे लांडगे सारखेच दिसतात," मुंगूसराव म्हणाले. "ओळख परेड होऊन जाऊ द्या."

या परेडची तिथली रीत जुनी. साक्षीदाराने नुसतं बोट दाखवून भागत नाही, आरोपीच्या खांद्याला हात लावावा लागतो. पाच आरोपींत त्यांचेच दहा चुलतभाऊ मिसळून रांग लावली. सगळे नुकतेच जेवून आले होते, त्यामुळे पंधराही तोंडं लाल होती.

ठकूबाई पुढे झाली. लांडग्याचा खांदा उंच, तिला दर वेळी उडी मारावी लागली. पण तिने पाचही जण बिनचूक ओळखले. रणधीररावांना तर दोनदा हात लावला.

"ह्योच. बारक्याचा गळा ह्यानंच धरला."

मला तर वाटलं, जिंकली बाई.

"नोंद घ्यावी साहेब," मुंगूसराव शांतपणे म्हणाले. "भरकोर्टात, सर्वांदेखत, एकट्या सशिणीने पाच लांडग्यांवर सहा वेळा उडी घेतली. भाऊ वेगळा कसा असेल?"

न्यायाधीशांना ते पटलं. पाचही जण निर्दोष सुटले आणि ठकूबाईवर मारहाणीचा गुन्हा दाखल झाला.

पुढे निवडणूक आली. मतपेटीत फार गुपचूप कारभार चालतो, म्हणून पेटीच रद्द झाली. नवा नियम आला: ज्याचा विरोध असेल त्याने पुढे येऊन उमेदवाराच्या खांद्याला हात लावावा. ठकूबाईला नेमकी त्याच दिवशी कोर्टाची तारीख पडली. बाकी कोणी पुढे आलं नाही आणि रणधीरराव बिनविरोध निवडून आले.

हल्ली ते चाळीस पहारेकऱ्यांशिवाय बाहेर पडत नाहीत. ठकूबाई जामिनावर सुटली आहे.