डोंगरावरची अंजिरं

फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि ज्यांच्या हाती चार माणसांचं भलं करण्याची सत्ता आहे, अशा मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका राज्यात उंच डोंगरावर एक गाव होतं. जमीन उताराची, माती पातळ. नाचणी पिकायची, पण तिने वर्षभर पोट भरत नसे. खाली बाजाराला जायला एकच पायवाट होती. ती कड्याच्या अंगाने जायची आणि इतकी अरुंद होती, की समोरून शेळी आली तर माणसाला मागं सरावं लागायचं.

राजा मनाने चांगला होता. डोंगरावरच्या लोकांचे हाल त्याच्या कानावर गेले, तेव्हा त्याने गावात विहिरी खोदून दिल्या आणि अंजिराची रोपं पाठवली. रोपांसोबत आलेला प्रधान म्हणाला, "नाचणीचा नाद सोडा. अंजिरं लावा. राजधानीत या फळाला फार मागणी आहे."

गावात गिरजा नावाची एक बाई होती. तिने विचारलं, "आणि फळं खाली न्यायची कशी?"

"झाडं फळाला येईपर्यंत रस्ता होईल."

लोकांनी विश्वास ठेवला. नाचणीची वावरं मोडून खड्डे घेतले. गिरजा आणि तिचा नवरा सोनाजी यांनी घागरीने पाणी घालून रोपं जगवली. रोपं लहान होती तोवर मधल्या जागेत थोडी नाचणी निघायची; मग झाडं वाढली, नाचणी बंद झाली आणि एका वर्षी फांद्या फळांनी वाकल्या. जांभळी, मऊ, फुटायला आलेली अंजिरं. पोरं तोंडं माखून हिंडत होती.

रस्ता मात्र झाला नव्हता.

माणसांनी पाट्या डोक्यावर घेऊन पायवाट धरली. खाली पोचेपर्यंत फळांचा लगदा व्हायचा. व्यापारी पाटीवरचं फडकं उचलून बघायचे आणि पुढे जायचे. वाळवून ठेवावीत, तर डोंगरावर सदा धुकं. छपरावर पसरलेली अंजिरं बुरशीने पांढरी पडली.

मग गिरजा स्वतः राजाकडे निघाली. एकेक फळ तिने पानात गुंडाळलं आणि पाटी डोक्यावर न घेता पोटाशी धरली. कड्यावरून उतरताना पाय घसरला, गुडघे फुटले, तरी तिने पाटी सोडली नाही.

दरबारात तिने पानं उलगडली. आत आंबूस रस आणि चिघळलेला गर. माश्या घोंघावू लागल्या. प्रधानाने उपरणं नाकाला लावलं.

राजा नरमाईने म्हणाला, "बाई, तुमच्याकडची अंजिरं अशीच असतात का?"

"झाडावर अशी नसतात, महाराज."

"मग मला दाखवायला झाडच आणणार आहेस का?"

दरबारी हसले. गिरजा हसली नाही. "झाड आणता येत नाही, म्हणून तर रस्ता मागायला आले."

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान म्हणाला, "महाराज, कडा फोडणं सोपं काम नाही. अशा फळासाठी फोडायचा?"

"खरं आहे," राजा म्हणाला. "बाई, एकदा चांगलं फळ आणून दाखव. त्याच दिवशी रस्ता सुरू करतो."

"महाराज, रस्ता असता तर चांगलंच फळ आणलं असतं."

पण राजाने तोवर दुसऱ्या माणसाची फिर्याद ऐकायला घेतली होती.

पुढच्या वर्षी अंजिरं झाडाखालीच सडली. गावात नाचणी नव्हती, आणि नुसत्या अंजिरांवर कुणाचं घर चालत नाही. म्हातारी माणसं मुलांसाठी आपलं ताट मागं सारू लागली. अखेर एका सकाळी सोनाजीने कुऱ्हाड उचलली.

"ही वावरं पुन्हा नाचणीला मोकळी करायला हवीत," तो खाली बघून म्हणाला.

गिरजाने हात पुढे केला. "आणा इकडे. मी लावलंय, मीच तोडते."

तोडलेल्या फांद्यांतून पांढरा चीक गळत होता. तिच्या हातांवर फोड आले. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावातून कुऱ्हाडीचे आवाज येत होते. देवळामागचं एक झाड तेवढं देवाचं म्हणून राहिलं.

काही काळाने राजा शिकारीला त्या डोंगरावर आला. देवळामागच्या त्या झाडाखाली बसला असताना त्याने हात वर करून एक अंजीर तोडलं आणि तोंडात टाकलं. तो थक्क झाला.

"असं फळ माझ्या राज्यात होतं? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

गिरजा विहिरीवर पाणी भरत होती. ती म्हणाली, "सांगितलं होतं, महाराज."

राजाने तिला ओळखलं. त्याची मान खाली गेली. बाकीची झाडं कुठे गेली हे न विचारताच त्याने तिथे हुकूम दिला, की रस्ता आजपासून सुरू करा.

काम जोरात चाललं. मजुरीचं धान्य मिळत होतं, म्हणून सगळं गाव खडी फोडायला गेलं. वावरं पेरायला कुणी उरलं नाही. रस्ता पुरा झाला आणि मजुरी थांबली, तेव्हा शेतात गवत होतं आणि घरातल्या कणग्या रिकाम्या होत्या.

पहिली गाडी खाली उतरायची त्या दिवशी राजा पायथ्याशी हार घेऊन उभा राहिला. ढोल वाजत होते. राजाने अंजिरांसाठी वर पाठवलेल्या बैलगाड्या वळणावर दिसल्या. एकामागून एक, भरलेल्या.

गाड्या जवळ आल्या आणि ढोल आपोआप थांबले. गाड्यांवर जाती होती, वाकळा होत्या, देवांच्या पेट्या होत्या. वाकळांवर म्हातारी माणसं बसली होती, मागं वळून डोंगराकडे बघत. गाड्यांबरोबर बाकीचं गाव चालत होतं. सर्वांत पुढे गिरजा होती.

राजाने विचारलं, "अंजिरं कुठे आहेत?"

गिरजाच्या आवाजात राग नव्हता. तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

"रस्ता फार चांगला झालाय, महाराज," ती म्हणाली. "म्हाताऱ्यांना कुठे धक्का बसला नाही."

आणि ती गाड्यांबरोबर पुढे गेली. राजाच्या हातातला हार हातातच राहिला. डोंगरावर परत कुणी राहायला गेलं नाही.

तात्पर्य: पिकाला वेळेवर बाजाराची वाट दिली नाही, तर उशिरा दिलेली वाट गाव सोडून जायच्याच कामी येते.