वीराच्या तोंडावरचा शिक्का

“आणि कोणी चोरले तर, सर?”

श्रीरंगने पुन्हा तेच विचारलं. आमच्या पुरातत्त्व मंडळाचा तो चिटणीस आणि नेर्लेकर सरांचा लाडका शिष्य. मंडळाचे जुने फोटो त्यानेच इंटरनेटवर टाकले, सगळ्यांना बघता यावेत म्हणून. आणि प्रत्येक फोटोच्या बरोब्बर मध्यभागी मंडळाचा गोल शिक्का मारून ठेवला, ताटाएवढा. अक्कल बघा!

समोर वडजाई गावच्या पारूबाई घाडगे उभ्या होत्या. रस्ता रुंद करताना त्यांच्या गावच्या वीरगळाचा बुलडोझरने चुरा केला. लढाईत पडलेल्या वीराचा तो दगड, गाव त्याला नैवेद्य दाखवायचं. आता पाथरवट नवा घडवतोय. जुन्याचा फोटो आहे तो फक्त आमच्याकडे. बाईंनी तोच मोबाइलवर उघडून पुढे धरला.

“सायेब, घोडा झाला, धड झालं. ह्याचं तोंड कुठाय?”

तोंडावर शिक्का होता.

“बिनशिक्क्याचा फोटो आम्ही बाहेर देत नाही, बाई,” श्रीरंग म्हणाला. “मंडळाची मालमत्ता आहे ती.”

सरांचा आवाज चढला. “हा फोटो कुणी काढला रे?”

“तुम्ही, सर.”

“आणि तोंड दिसावं म्हणून दगडावरचा शेंदूर कुणी खरवडून दिला? हिच्या सासऱ्यांनी! देवाला हात लावला म्हणून सगळं गाव त्यांच्या अंगावर धावून आलं. ते म्हणाले का, ही माझी मालमत्ता?”



श्रीरंग पुटपुटला, “पण सर, उद्या कोणीही उचलेल, स्वतःच्या नावावर छापेल. मंडळाचं काय राहिलं मग?”

टेबलावरचा मंडळाचा रबरी शिक्का सरांनी उचलला, शाईच्या पॅडवर दाबला. श्रीरंगच्या नाकावरचा चष्मा ओढून काढला.

एका काचेवर ठप्प. दुसऱ्या काचेवर ठप्प.

आणि चष्मा परत त्याच्या नाकावर चढवला.

पारूबाईंनी तोंडाला पदर लावला. मला तर, खरं सांगतो, टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

श्रीरंग टेबलाची कड चाचपडत होता. “सर... मला काहीच दिसत नाहीये!”

“नसू दे!” सर कडाडले. “आता कोणी चोरणार नाही.”