चिखलात धरणारा टायर

"चिखलात कोणता टायर धरतो, कासमभाई?"

कासमभाई मुलाणी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"गाडी रोज कुठं जाते?"

"रोज? मंडई. बँक. गुरुवारी दत्ताचं देऊळ."

"तिथं चिखल असतो?"

"नाही."

"मग?"

अच्युतराव पोंक्षे चिडले. सबंध नोकरी कालव्यांची मोजमापं घेण्यात गेलेला माणूस. प्रश्नाचं उत्तर द्यायचं सोडून कुणी उलट प्रश्न केला की त्यांच्या कपाळावरची शीर उठायची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी शीर काही निवृत्त झाली नव्हती.

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर बारीक अक्षरात टिपणं होती. तीन महिने ते रोज संध्याकाळी टायरांवरचे व्हिडिओ बघत होते.

"ऑल टेरेन म्हणतात त्याला. डांबरावर चालतो, मातीतही चालतो. खाचा खोल असतात. बाजूची भिंत जाड, दगडानं फाटत नाही. डांबरावर जरा घुमतो, गाडी तेलही जास्त पिते. ते चालेल मला. फक्त कोणता घेऊ ते सांगा. निम्मं डांबर निम्मी माती असा, की मातीचाच जास्त असा?"

"सगळं तुम्हालाच ठाऊक हाय की."

"निवड तुमची हवी. म्हणून आलो."

त्या खोऱ्यातले ड्रायव्हर कासमभाईंना उस्ताद म्हणत. झिजलेल्या टायरवरून हात फिरवून गाडी कोणत्या रस्त्यानं फिरली आणि चालवणारा कसा आहे, दोन्ही ते सांगत, अशी ख्याती होती. त्यांनी एखाद्याला "हा टायर घेऊ नको" म्हटलं की तो माणूस मुकाट्यानं घरी जाई.

ते उठले. हात पुसत गाडीशी गेले, उकिडवे बसले आणि पुढच्या टायरच्या खाचेत अंगठा घालून बघितला.

"हे निम्म्याहून जास्त शिल्लक हायेत. दोन वर्षं बघायला नको."

"मला चांगले हवेत."

"हे वाईट न्हाईत."

"कासमभाई, गिऱ्हाईक दारात आलंय आणि तुम्ही..."

"वाईत टायरची दुकानं किती असतील, साहेब?"

अच्युतरावांनी मनाशी मोजली.

"असतील दहा-बारा."

"तुम्ही राहता वाईत. आणि टायर विचारायला येता इथं, आडरानात. दिवाळीत आला होता. मग शिमग्याला. हा पाचवा फेरा तुमचा. येता, विचारता, त्या तिकडं बघता, आणि गाडी वळवून माघारी जाता."

अच्युतरावांनी त्या तिकडं बघितलं नाही.

त्या तिकडं म्हणजे डावीकडं. कासमभाईंचं दुकान फाट्यावर होतं. डांबरी रस्ता सरळ धरणाकडं जाई, आणि दुकानाच्या कुडाला लागूनच एक लाल मातीचा रस्ता डोंगरावर चढे. सात किलोमीटर. वर धारेवाडी. त्या रस्त्याला दुसरं गावच नव्हतं.

"वर कोण हाय?" कासमभाईंनी विचारलं.

...

"लेक," अच्युतराव म्हणाले.

मुक्ता त्यांची एकुलती एक. वाडीच्या शाळेवर मास्तरीण म्हणून गेली आणि तिथल्याच एका गवळी-धनगराशी लग्न करून बसली. सहा वर्षं झाली त्याला. म्हशी राखणाऱ्याच्या घरात माझी मुलगी, हे अच्युतरावांना गिळता आलं नाही. जायच्या दिवशी ती अंगणात उभी होती, हातात एक बॅग. "बाबा, एकदा येऊन बघा तरी," म्हणाली. ते झोपाळ्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "तुझ्या दाराशी माझी गाडी कधी लागणार नाही," एवढंच बोलले.

शब्दाला पक्का माणूस. गाडी लागली नाही.

त्यांची बायको दोनदा जाऊन आली, दुधाच्या जीपमध्ये कॅनांच्या मध्ये बसून. आल्यावर चार दिवस तिच्या लुगड्याला शेणाचा आणि धुराचा वास होता, आणि ती आनंदात होती. मग ती वारली. मुक्ता तेव्हा बाळंतीण, तिला येता आलं नाही.

आता दर महिन्याला त्याच जीपमधून तुपाची बरणी खाली येते. अच्युतराव ती स्वतः घासतात, उन्हात वाळवतात, आत साखर भरतात आणि परत पाठवतात. चिठ्ठी एकदाही घातली नाही. दोनदा लिहिली होती.

मागच्या महिन्यात फोन वाजला. वाडीत रेंज नाही, टेकाडावर चढून कुणीतरी लावला होता. पलीकडून लहान मुलीचा आवाज आला, "कोण बोलतंय?" अच्युतरावांना 'आजोबा' म्हणायचं होतं. तोंड उघडलं, शब्द आलाच नाही. फोन ठेवून दिला. त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून टायरांचा शोध दुप्पट जोरानं सुरू झाला.

परवा गौरी जेवून गेल्या. गल्लीतल्या घराघराच्या दाराशी माहेरवाशिणींच्या चपला पडल्या होत्या. आज सकाळी त्यांनी गाडी काढली...

"रस्ता वाईट आहे," अच्युतराव आता म्हणाले. "साध्या टायरवर माणसानं जाऊ नये. मी अभ्यास केलाय."

कासमभाईंनी समोर बोट केलं. दुकानासमोर दुधाची जीप उभी होती. नुकतीच वरून आलेली. बोनेटपर्यंत लाल चिखल. ड्रायव्हर पलीकडच्या टपरीत चहा पीत होता.

"हात लावा," कासमभाई म्हणाले.

"कशाला?"

"जीपच्या टायरला. लावा तर."

अच्युतराव वाकले. चाकावरचा चिखल बोटानं बाजूला केला. खाली खाच नव्हतीच. सगळा टायर गुळगुळीत, टकलासारखा.

"सकाळ-संध्याकाळ वर जातो ह्यो," कासमभाई म्हणाले.

"त्याला रस्ता माहीत आहे."

"पहिल्या दिवशी नव्हता."

अच्युतराव वाकलेलेच राहिले. कंबर धरली होती म्हणून नव्हे. मान वर केली की म्हाताऱ्या कासमभाईंच्या डोळ्यांत बघावं लागणार होतं.

"वाडी इथनं दिसते का हो?" त्यांनी खालूनच विचारलं.

"धुकं निघालं की दिसते. त्या सुळक्याच्या बुडाशी. पत्रा चमकतो तो शाळेचा."

"आणि घर?"

"घर न्हाई दिसत. तिथवर जावं लागतं."

...

अच्युतराव उठले. कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"बरं. कोणते टायर घालताय?"

"घालत न्हाई काही."

कासमभाई परत गाडीशी बसले. पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि खिळ्याच्या टोकानं आतली पिन दाबली.

फुस्स...

"अहो! हवा काय काढताय?"

"काढावी लागती."

"मला चढायचंय वर, आणि तुम्ही चाकं खाली बसवताय!"

"फुगलेला टायर चिखलात नुसता फिरतो जागच्या जागी. जरा बसला, की धरतो."

अच्युतरावांच्या कपाळाची शीर उठली. तरी म्हातारा एकेका चाकाशी सरकत गेला, आणि ते त्याच्या मागोमाग एकेक टोपण हातात धरून उभे राहिले. चारही चाकं थोडी पसरली. गाडी बोट-दोन बोटं बुटकी झाली.

"पहिल्या गिअरात जायचं. मधी थांबायचं न्हाई. खाली उतरलात की हवा परत भरून देतो. आजच उतरलं पाहिजे असं न्हाई."

"इतकंच?"

"इतकंच."

"आणि तिनं दार उघडलं नाही तर?"

कासमभाईंनी घमेल्यातली ट्यूब पुन्हा हातात घेतली. हा प्रश्न टायरचा नव्हता.

अच्युतराव गाडीत बसले. किल्ली फिरवली. स्टिअरिंग उजवीकडं, वाईकडं वळवायची हाताला सवय होती, हात तिकडंच गेला. त्यांनी तो परत आणला आणि डावीकडं वळवला.

पुढची दोन्ही चाकं डांबरावरून उतरली. माती मऊ लागली. गाडी हेलकावली, पण पुढं गेली.

दहा पावलांवर ती थांबली. खिडकीची काच खाली आली.

"कासमभाई," अच्युतराव ओरडले. आवाज नेहमीचा नव्हता. "मध्येच रुतलो तर? फोन तर लागत नाही. हॉर्न वाजवला तर वाडीत ऐकू जाईल का?"

कासमभाई ट्यूब घेऊन रस्त्याच्या कडेपर्यंत आले.

"हॉर्न नका वाजवू, साहेब. हाक मारा."