विसोबा आचाऱ्यांची पसंती

देवळी संस्थानात विसोबा आचाऱ्यांचा मोठा दरारा होता. म्हातारपणी त्यांना चुलीपुढे उभं राहवेना, तेव्हा त्यांची लेक वेणू म्हणाली, "आबा, राजवाड्याचा स्वयंपाक आता मी सांभाळते."

"आधी मला पसंत पडेल असं एक जेवण करून दाखव," आबा म्हणाले.

वेणूने महिनाभर रोज नवा पदार्थ केला आणि आबांनी रोज नवी खोड काढली. उद्यावर राजवाड्याची मोठी पंगत आली. बाहेरगावच्या आचाऱ्याला बोलावणं धाडायचं घाटत होतं. वेणूचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने भरली वांगी केली, आबांना ताट वाढलं आणि ती नुसती आत-बाहेर करत राहिली.

अर्धं जेवण झाल्यावर आबा म्हणाले, "छे! हे माणसाने खाण्याच्या लायकीचं नाही."

"मग गाईपुढे ठेवते," म्हणत वेणूने ताटाला हात घातला. आबांनी ताट घट्ट धरलं.

"आबा, वाईट झालंय तर ताट सोडा. सोडवत नसेल, तर उद्या मला पाठवा."

आबांनी लेकीकडे पाहिलं, मग वांग्याकडे पाहिलं.

"पहाटे लवकर नीघ," ते म्हणाले, "आणि आता आणखी दोन वांगी वाढ."