बेटावरचं पेव

पुष्कळ काळ लोटला त्या गोष्टीला, पण आठवली की माझा हात अजून कपाळावर जातो. अहो, एवढी शहाणी दोन गावं, आणि असं कसं झालं? तुम्ही लहान असा की मोठे, नीट ऐका, आणि मग मला सांगा.

एका नदीच्या दोन काठांना दोन गावं होती. अलीकडच्या गावात कुठलीही वस्तू या हातातून त्या हातात जायची असली की आधी डफ वाजे. सगळं गाव चिंचेखाली जमे, वस्तू सगळ्यांना दाखवली जाई, आणि सगळे एका सुरात म्हणत, "पाहिलं!" मग खोटं बोलायची कुणाची बिशाद होती? एकाने शब्द फिरवला, तर बाकीचं सगळं गाव खरं सांगायला उभं राही.

पलीकडच्या गावाची तऱ्हा निराळी. तिथे प्रत्येक दाराला एक दोर टांगलेला असे. व्यवहार झाला की घरोघरी त्या दोरावर सारखीच गाठ मारायची. एखाद्याने आपली गाठ गुपचूप सोडली, तरी शेजारपाजारच्या दोरांवर ती असायचीच.

दोन्ही गावं सचोटीची, पण एकमेकांचं काही पटायचं नाही. "दोराला गाठी मारून काय कळतं? गुरं बांधा त्याला!" असं अलीकडचे म्हणत. "नुसता गलका! ओरडून कुठे खरं होतं का?" असं पलीकडचे म्हणत. अलीकडचं "पाहिलं" पलीकडे चालत नसे, आणि पलीकडची गाठ अलीकडे कुणी मानत नसे. त्यामुळे मुली द्यायच्या-घ्यायच्या, पण वस्तूंचं देणं-घेणं मात्र अडून बसायचं.

नदीच्या मध्यावर एक खडकाळ बेट होतं. तिथे रंगोजी नावाचा नावाडी राहायचा. बोलणं असं गोड की माणूस नावेत बसला की उतरावंसं वाटू नये. त्याने तोड काढली. बेटावर त्याने एक पेव खणलं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंडावर दगडी झाकण.

"तुमची वस्तू माझ्या पेवात ठेवा," तो म्हणाला. "मी तिच्या नावाचा तांब्याचा बिल्ला देतो. बिल्ला पलीकडे जाऊ द्या. ज्याला वस्तू हवी, त्याने बिल्ला आणून द्यावा, वस्तू घेऊन जावी. झालं!"

दोन्ही गावं खूश! बिल्ला अलीकडे आला की डफ वाजे, "पाहिलं!" होई. पलीकडे गेला की घरोघरी गाठ पडे. पुढे पुढे तर बिल्लेच फिरू लागले. बिल्ला हातात असताना पेवापर्यंत जायचा त्रास कोण घेतो?

अलीकडच्या गावात तुळसा नावाची बाई होती. तिच्याकडे तांबड्या ज्वारीचं बियाणं होतं. पाऊस दगा देवो, जमीन हलकी असो, ही ज्वारी यायचीच. तिच्या बापाने जन्मभर निवडून निवडून ते बियाणं राखलं होतं आणि मरताना लेकीच्या ओटीत घातलं होतं. दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं.

तुळसाची लेक मैना पलीकडच्या गावात दिली. तुळसाने आंदण म्हणून निम्मं बियाणं रंगोजीच्या हवाली केलं आणि मैनाच्या गळ्यात बिल्ला आला. मैनाच्या सासूने बिल्ला उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "यंदा शेतात तूर आहे. राहू दे पेवात. बिल्ला आहे म्हणजे बियाणं आहेच."

त्या साली अलीकडच्या ज्वारीवर काणी पडली. कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी. तुळसाने घरातलं उरलेलं सगळं बियाणं पेरलं होतं, ते सगळं गेलं. ती बांधावर मटकन बसली. "बाबांची ज्वारी माझ्या हातून संपली गं," म्हणून रडली.

मैना धावत आली. गळ्यातला बिल्ला काढून आईच्या हातात ठेवला. "रडतेस काय, आई? आपलं बियाणं बेटावर आहे ना! निम्मं तू घे, निम्मं मी घेते."

तुळसाच्या जिवात जीव आला. मायलेकी बेटावर निघाल्या. बातमी कळली तशी दोन्ही काठांची माणसंही नावा घेऊन मागोमाग गेली.

रंगोजी हसतच पुढे आला, पण बिल्ला पाहून त्याचं हसू मावळलं. "आजच कशाला, तुळसाबाई? झाकण जड आहे. पुढच्या आठवड्यात बघू."

"पेरणीची वेळ आलीये, रंगोजीभाऊ. आम्ही सरकवतो झाकण."

गड्यांनी जोर लावला, झाकण सरकलं. सगळे वाकले.

अरे देवा! पेव रिकामं! मूठभर नाही, चिमूटभर नाही, धान्याचा वाससुद्धा नाही. घुशीनेही तिथे बीळ केलं नव्हतं. करील कशाला? तिला खायला काय होतं तिथे?

मैना पेवात उतरली आणि कोपऱ्याकोपऱ्यात हात फिरवू लागली.

"माझं बियाणं?" तुळसाने विचारलं.

रंगोजीने मान खाली घातली. "तुमचं तर ठेवलंत त्याच आठवड्यात गेलं, बाई. बाजारात विकलं. भाकरीसाठी घेतलं कुणीतरी. अहो, कुणी मागायलाच येत नव्हतं! बिल्ल्यांवर सगळे खूश होते. मग पेव भरून ठेवायचं कशाला?"

"आम्ही तर 'पाहिलं' म्हणालो होतो!" अलीकडचे ओरडले.

"आम्ही गाठी मारल्या होत्या!" पलीकडचे ओरडले.

"बिल्ला पाहिलात," रंगोजी म्हणाला. "बिल्ल्याच्याच गाठी मारल्यात. पेवात कोण डोकावलं होतं?"

आता मात्र दोन्ही गावं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. "आम्हाला वाटलं, बेटावर तुम्ही लक्ष ठेवता." "आणि आम्हाला वाटलं, तुम्ही!" मला सांगा, याला काय म्हणावं? आपल्या अंगणातली काडी हलली तरी ज्यांना कळायचं, त्यांना नदीच्या मधोमधचं एवढं मोठं भगदाड दिसलं नाही!

मैना वर आली. तिच्या दोन्ही मुठी मातीने भरल्या होत्या. तिने एकेक बोट उघडून आईला दाखवलं. दाणा नव्हता.

मग अलीकडच्या म्हाताऱ्या पाटलाने तिथेच डफ मागवला. रिकामं पेव सगळ्यांना दाखवलं. सगळे म्हणाले, "पाहिलं." पलीकडच्यांनी नावेचा दोर घेतला आणि त्यावर गाठ मारली. इतक्या वर्षांत दोन्ही गावांनी मिळून साक्ष दिलेली ती पहिलीच गोष्ट.

रंगोजीच्या नावेत पुन्हा कुणी पाय ठेवला नाही. पेव पुन्हा भरलं, पण आता दर अमावास्येला दोन्ही काठांची माणसं येऊन झाकण काढतात, आत उतरतात आणि मगच डफ वाजतो, गाठ पडते. सगळं सुरळीत चालतं.

तांबडी ज्वारी मात्र परत आली नाही. तुळसा मरेपर्यंत पांढऱ्या ज्वारीची भाकरी थापत राहिली, आणि मैनाच्या मुलांनी आजोळच्या ज्वारीचा रंग कधी पाहिलाच नाही.

म्हणून सांगतो: दोन घरं जोडायची असतील, तर मधली जागा दुसरा बघेल असं म्हणू नका, दोघांनी मिळून ती स्वतः उघडून बघा.