उतरवलेला फेटा

एका गावच्या तालमीला एकदा एक वस्ताद लाभले होते. त्यांच्या हाताखालचा एक शिष्य पंचक्रोशीत नावाजला होता. मैदानात उतरणाऱ्या मल्लाने कुठल्याही कुस्तीवर पैज लावायची नाही, हा तिथला जुना नियम. तरीही या पठ्ठ्याने जत्रेत आपल्या सोबत्याच्या कुस्तीवर एका व्यापाऱ्याशी पैज लावली, आणि जिंकल्याच्या आनंदात वस्तादांना सांगूनही टाकले. गडी अंगाने वाढला होता, अकलेने वाढायचा होता.

गावकरी म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. वस्तादांनी मात्र शिष्याला हाताला धरून पंचांपुढे नेले. पंचांनी त्याला वर्षभर मैदान बंद केले. ऐन उमेदीतले वर्ष ते. आपल्याच गुरूने आपल्याला बुडवले, असे शिष्याला वाटले. तेवढ्यात वस्तादांनी डोक्यावरचा फेटा उतरवून पंचांपुढे ठेवला आणि तीच शिक्षा स्वतःसाठी मागून घेतली.

वाटेत शिष्याने विचारले, "वस्ताद, चूक माझी. तुम्ही फेटा का उतरवलात?"

वस्ताद म्हणाले, "तू मोठी कुस्ती मारलीस, तेव्हा तो फेटा गावानं मला बांधला होता. तेव्हा मी म्हटलं नाही, की कुस्ती पोराची आहे, फेटा त्यालाच बांधा. यशात वाटा घेतला, मग आता अंग कसं काढू? आणि तालमीत रोज कुस्ती लावताना, 'कोण जिंकेल ते जो बरोबर सांगेल त्याला मूठभर बदाम', असं कोण म्हणत होतं? मीच. तुम्हांला ईर्षा यावी म्हणून. नियम तोंडानं शिकवला आणि पैज हातानं. तू सुधारावास म्हणून तुला पंचांपुढे नेलं, पण तिथं एकट्याला कसा सोडू?"

शिष्याने वाकून वस्तादांच्या पायांना हात लावला.

त्या वर्षीच्या जत्रेत हलगी कडाडत होती, तेव्हा हे दोघे रिकाम्या तालमीत माती खणत होते. वर्ष सरल्यावर पंचांनी फेटा परत दिला. तो शिष्याने स्वतःच्या हातांनी वस्तादांना बांधला.

पुढे शिष्यही वस्ताद झाला. त्याच्या तालमीत बदाम आधी वाटले जात, सगळ्यांना सारखे, आणि मगच कुस्त्या लागत. नवी पोरे कारण विचारीत. तो खुंटीवरच्या जुन्या फेट्याला हात जोडून एवढेच म्हणे, "माझ्या वस्तादांनी हा माझ्यासाठी उतरवला होता."